खोबरेल प्यालेलं लॉक

माझे बाबा एका दुपारी चार तास स्वतःच्याच बेडरूममध्ये कोंडले गेले, आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "चौकट हलली बघ. जरा हळू धक्का मारता आला असता."

मी विचुंब्याहून रिक्षाने धावत आलेली. फोन उचलत नाहीत म्हणून जीव टांगणीला लागलेला. माझ्याकडच्या चावीने बाहेरचं दार उघडून आत आले, तर बेडरूमच्या आतून ठकठक. हँडल दाबून खांद्याने तीन धडका मारल्या, तिसरीला चौकटीवरची लोखंडी पट्टी उचकटली आणि मी आत जवळजवळ पालथी पडले. आणि हे गृहस्थ चौकट तपासतायत!

"ओरडला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाच्या नावाने ओरडू? दुपारची झोपलेली असतात सगळी."

झालं होतं एवढंच, की वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि मग हँडल कितीही दाबलं तरी आतलं लॅच मागे सरकेना. फोन हॉलमध्ये राहिलेला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस चार तास पाण्याच्या घोटाशिवाय. ही गोष्ट मी दादाला सांगायलाच नको होती. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच संध्याकाळी त्याचा पुण्याहून फोन आला, "बाबा, आता पुरे. तुम्ही इकडे या."

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एका लॉकपायी मी घर सोडू? रविवारच्या आत दुरुस्त करतो. नाही जमलं तर येतो पुण्याला, पुन्हा बोलणार नाही."

"तुम्ही स्वतः हां. मेकॅनिक बोलवायचा नाही."

"शब्द दिला."

दादाचं चुकत होतं असंही नाही. माझ्याकडे दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसकट सहा माणसं, मी कुठल्या तोंडाने 'माझ्याकडे या' म्हणणार? पण बाबा नवीन पनवेलच्या त्या घरातून हलावेत असं मला मुळीच वाटत नव्हतं. रिक्षाने वीस मिनिटांत माहेर गाठता येतं, हे सुख ज्या बाईला आहे तिलाच कळतं.

त्या घराची सगळी लॉकं बाबांनी स्वतः निवडून आणलेली. आम्ही राहायला आलो तेव्हा सेक्टरमध्ये अर्ध्या इमारती रिकाम्या होत्या आणि संध्याकाळी समोरच्या मोकळ्या जागेत म्हशी बसायच्या. बाबा तळोज्याला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. दाराच्या जाडीत कोरून बसवायची मॉर्टिस लॉकं तेव्हा आमच्या मजल्यावर कुणाकडे नव्हती, सगळ्यांकडे कडी-कोयंडे. शेजारच्या बायका नुसतं हँडल दाबून बघायला यायच्या. आई त्यांना चहा पाजायची आणि पुन्हा दाबून दाखवायची.

रविवारी बाबा हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून काहीतरी खोलून बसत. दादाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, माझ्या हातात बॅटरी. "तू उजेड धर," एवढंच माझं काम. वर "हात हलवू नकोस" आहेच. एकदा मी म्हटलं, मला पण स्क्रू फिरवू दे. तर म्हणाले, "तुला नाही जमायचं, बोट चेंगरेल." दादाचं चेंगरायचं ते चालायचं! त्याचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

तर शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र पसरलेलं होतं. चौकटीवरची पट्टी त्यांनी आदल्या दिवशीच ठोकूनठाकून बसवली होती. हँडलं काढली, मधली चौकोनी सळई ओढली, दाराच्या कडेचे दोन स्क्रू सोडवले. मग अख्खं लॉक दाराच्या पोटातून बाहेर यायला हवं होतं, पण ते येईना. दोघांनी पकडून ओढलं, तेव्हा कुठे पचकन निघालं. झाकण उघडलं आणि मी म्हटलं, "शी! हे काय हो?"

आत पिवळट-तांबडा चिकट लगदा भरलेला. खवट वास. नीट बघितलं आणि मला हसूच फुटलं. खोबरेल तेल, हळद आणि कुंकू!

आमची आई खंडेनवमीला बाबांच्या हत्यारांची पूजा झाली की हळदी-कुंकवाची वाटी घेऊन दारोदार फिरायची. आपल्याच घरातली दारं, म्हणजे. "रात्रंदिवस राखण करतात, त्यांना नको का काही?" असं म्हणून प्रत्येक लॉकला हळद-कुंकू, हँडलला झेंडू आणि चावीच्या भोकात खोबरेलाची धार. केसांना खोबरेल, बिजागरीला खोबरेल, खरचटलं तरी खोबरेल. मग लॉकानेच काय घोडं मारलंय? बाबा दर वर्षी ओरडायचे, "अगं, ते थिजतं, धूळ धरतं! मशीनचं तेल घाल!" आई दर वर्षी "हो हो" म्हणायची आणि दर वर्षी खोबरेलच घालायची.

पण आईला जाऊन सात वर्षं झाली होती. आणि लगद्याच्या वरचं कुंकू लालभडक होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते चष्मा पुसायला लागले.

"बाबा, तुम्ही घालता?"

"राहून गेलं असतं तिचं," ते म्हणाले.

आयुष्यभर तेलावरून भांडलेला माणूस. मला इतकं भरून आलं की मी सरळ उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. परत आले तेव्हा ते जुन्या टूथब्रशने लगदा खरवडत होते आणि बरोबर कुंकवाशी येऊन थांबले होते. शेवटी मीच ब्रश घेतला. पेट्रोलने धुतल्यावर खरा आजार दिसला. लॅचमागची स्प्रिंग गंजून तुटली होती आणि तिचा एक तुकडा आडवा अडकला होता.

तुकडे घेऊन जुन्या पनवेलमध्ये गेलो. हार्डवेअरवाले चाचा बाबांच्याच वयाचे, त्यांच्या ओळखीचे. तुकडे बघून म्हणाले, "हा माल आता येत नाही हो. नवीन लॉक लावून टाका, आरामात राहा." बाबा काउंटरला टेकून उभे राहिले. पाच मिनिटं तसेच. चाचा वैतागून उठले, माळ्यावरून एक गंजका डबा काढला आणि म्हणाले, "तुम्ही काय ऐकणार नाही. घ्या, यात नशीब बघा." नशीब होतं. तिसऱ्या मुठीत जुळणारी स्प्रिंग सापडली.

घरी येऊन बाबा स्प्रिंग बसवायला लागले. ती दाबून, वाकवून, एका छोट्या खिळ्याच्या मागे अडकवायची होती. पहिल्यांदा उडाली, कपाटाखालून काढली. दुसऱ्यांदा उडाली. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हातांकडे बघितलं. उजवा हात कापत होता. नुसता थरथरत नव्हता, चांगला कापत होता.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. दादाला बोलू नकोस."

आणखी चारदा उडाली. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला आणि बॅटरी उचलून डाव्या हातात घेतली. "अंगठ्याने दाब. घाई नको. आता सरकव, सरकव... सोड."

बसली. पहिल्या झटक्यात! झाकण लावलं, लॉक दारात सरकवलं, स्क्रू मीच आवळले. बाबांनी आत जाऊन दार लावलं, हँडल दाबलं. खट्. दार उघडून बाहेर आले, पुन्हा आत गेले. सहा-सात वेळा तरी हाच खेळ चालला होता. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

तेवढ्यात दादाचा फोन. "काय झालं लॉकचं?"

"झालं ना! एकदम नवं," मी म्हटलं.

"कोणी केलं?"

"बाबांनी. दुसरं कोण करणार?" मी बेधडक सांगितलं. अशा खोट्याचं मला काही वाटत नाही.

बाबांनी हात पुढे करून फोन मागितला. मी मानेने नको नको करत होते, त्यांनी काढूनच घेतला. "ऐक रे. माझ्याकडून नाही झालं. हात कापतो माझा. स्प्रिंग हिने बसवली. तुझ्यापेक्षा चांगली बसवली, सांगतो तुला. ठरल्याप्रमाणे येतो मी. उद्या गाडी घेऊन ये."

फोन ठेवला तशी मी भडकलेच. "कशाला सांगितलंत? मी सांभाळून घेतलं होतं ना सगळं! राहिला असतात इथे!"

ते हँडल दाबून बघत होते. माझ्याकडे न वळताच म्हणाले, "अगं, तुझ्या हातचं पहिलं काम. ते मी माझ्या नावावर कसं लावू?"

मी बेडरूममध्ये गेले आणि त्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले.