यंदाच्या मापाची सायकल

मुलगा गेला त्याला सात महिने होत आले होते. मे महिन्यातली सकाळ होती. सून ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे नुसतं हातात धरून होतो. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "मामा, जूनचं काय ते ठरवावं लागंल."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते. जूनचं म्हणजे नातीच्या शाळेचं. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला औंढ्याला जायचं, सहा किलोमीटर, त्यातले चार कालव्याच्या काठच्या कच्च्या रस्त्याने. एसटी फाट्यावर थांबते, पण तिच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत. मुलगा होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता, तो मोटारसायकलवर सोडणार होता. ती मोटारसायकल गोठ्यात पोत्यांनी झाकून उभी होती. मला ती चालवता येत नाही, सुनेलाही येत नाही.

"भाऊ म्हनतो, हिंगोलीला या. त्याच्या घरापासून शाळा पाच मिनिटांवर हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पोरीचं जाणं-येणं तिचं तिला जमलं तर आमी इथंच राहू. न्हाई तर मग तिकडंच बरं."

तिच्या आवाजात राग नव्हता, धमकीही नव्हती. ज्वारीतला खडा बाजूला काढावा तसं तिने ते सांगितलं. मी म्हणालो, "सायकल घेऊ."

"बघा," ती म्हणाली. "यंदाचं तेवढं जमवा."

मुलगा एकुलता एक होता. हळदीच्या शेतात दुपारी छातीत दुखतं म्हणाला आणि हिंगोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्यानंतर घरात आम्ही चौघं उरलो: मी, पत्नी, सून आणि नात. मी चाळीस वर्षं शिक्षक होतो. शाळा सुटल्यावर विद्यार्थी गेलेला वर्ग कसा असतो ते मला माहीत आहे. घर तसं होईल याची मला भीती वाटत होती.

त्या दिवशी जेवताना मी सायकलीचं बोललो, तर पत्नीने भाकरी थापायची थांबवली.

"वर्साच्या आत घरात नवी वस्तू येत न्हाई."

"सायकल आहे ती. दागिना न्हाई."

"नवी ती नवी. चाळीस वर्सं लोकाच्या लेकरायला शिकवलं, घरातलं काईच शिकले न्हाईत तुमी."

"मग पोरीनं काय उडत जावं?"

"जुनी आना की. जुन्याला कोन नको म्हनलं?"

असल्या गोष्टींवर मी वर्गात बरंच बोलत असे. पण त्या दिवशी वाद घातला नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या सायकलीचं प्लास्टिक सोलायला माझाही हात धजला नसता. वर्षश्राद्ध नोव्हेंबरात होतं आणि शाळा जूनमध्ये उघडणार होती, तेव्हा जुने भाग जमवून सायकल बांधायची असं ठरलं. नातीची मागणी एकच होती: "जाड टायरची पायजे आबा. डोंगरावर जाती तसली. गियरची."

औंढ्यात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला, नारळ-फुलांच्या दुकानांच्या मागे, एक सायकलचं दुकान आहे. तिथला मिस्त्री माझा विद्यार्थी. आता तोच पन्नाशीचा आहे. मुलाच्या दहाव्याला तो येऊन गेला होता, त्यामुळे "नातीसाठी" म्हटल्यावर त्याने आणखी काही विचारलं नाही. रस्ता मात्र विचारला.

"कालव्याचा."

"मग जाड टायर बराबर हाय. बारीक टायर खडीत घसरतंय."

"गियर पाहिजे म्हणते."

"न्हाई गुर्जी. आपल्या काळ्या मातीत गियर एक पावसाळा टिकत न्हाई. चिखल बसला की चेन उड्या मारती. मागं एकच चक्कर टाकू, जरा जास्त दात्याचं, म्हंजी चढाला हलकं जाईल. आन् मडगार्ड बिलकुल न्हाई. त्यात चिखल अडकून चाक जाम होतंय. पाठीवर शितोडे उडतील, उडू द्या."

त्याने मला भाग लिहून दिले आणि फ्रेम हिंगोलीच्या भंगारवाल्याकडे बघायला सांगितली. "चोवीसच्या चाकाची बघा," म्हणाला. भंगारवाल्याकडे दोन फ्रेमा होत्या. एक चोवीसची, निळी. दुसरी सव्वीसची, मोठ्या माणसाची. मी सव्वीसची घेतली.

आमच्याकडे लेकराला मापाचं कुणी घेत नाही. शाळेचा पोशाख दोन बोटं दुमडून शिवतात, बुटाच्या पुढच्या टोकात कापूस भरतात. मी वर्षानुवर्षं अशी पोरं पाहिली होती, पहिल्या महिन्यात बाह्यांत हरवलेली. त्यात मला कधी काही चुकीचं वाटलं नव्हतं. नात तर अंगानेही लहानखुरी, तेव्हा तिला वाढायला भरपूर जागा आहे असं मी स्वतःला सांगितलं.

मिस्त्रीने फ्रेम बघितली आणि खाली ठेवली.

"पोरगी केवढी हाय?"

मी हात छातीपर्यंत नेला आणि तिथून जरा वर.

"दोन्ही पाय खाली टेकून हुबी राहिली, तर दांडा आन् अंग यात चार बोटं जागा पायजे, गुर्जी."

"वाढतं वय आहे."

"लेकरू वाढंल. तवर उतार थांबंल का?"

"तू बसव," मी म्हणालो.

त्याने बसवली. वर्गात मी त्याला कधी उलट बोलू दिलं नव्हतं, तो आजही बोलला नाही. चाकांचा आउट काढला, म्हणजे डुगडुग घालवली, ब्रेकच्या तारा ओढल्या, जाड टायर चढवले, सीट अगदी खाली घेतली. दुकानासमोर उभी केली तेव्हा सायकल खरोखर चांगली दिसत होती. टेम्पोत घालून मी ती घरी आणली. नातीला तोवर एकदाही दुकानात नेलं नव्हतं. तिला एकदम दाखवायची असं माझ्या मनात होतं.

ती सायकलीभोवती दोनदा फिरली. "मोठी हाय ना आबा?" एवढंच म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच, "चांगली हाय."

दोन दिवस ती गल्लीत चालवत होती. चढताना ओट्याचा आधार घ्यायची, उतरताना उडी मारायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कालव्यावर गेलो, ती पुढे आणि मी चालत मागे. पहिल्या उतारालाच समोरून शेळ्या आल्या. तिने ब्रेक दाबला, सायकल थांबली, पण पाय जमिनीला पोचला नाही. सायकल कालव्याच्या बाजूला कलली आणि ती दगडांच्या पिचिंगवर पडली. पाणी तिथून हातभर अंतरावर होतं. मी धावलो, म्हणजे माझ्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. शेळ्यांमागच्या बाईने माझ्याआधी पोचून तिला उचललं होतं. हनुवटी फुटली होती, कोपर सोलला होता. ती रडत नव्हती. "पाय टेकत न्हाई आबा," ती म्हणाली, जणू चूक तिच्या पायाची होती.

घरी आल्यावर पत्नीने हळद लावली आणि मला जे बोलायचं ते बोलली. सुनेने लेकीचं तोंड पुसलं, तिला दूध दिलं. मग अंगणात आली, सायकलच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. दांडा तिच्या स्वतःच्या कंबरेपर्यंत येत होता.

"मामा," ती म्हणाली, "तुमी ही सायकल दहावीपर्यंतची केली. मी तुमाला यंदाचं बोलले होते."

सायकल दहावीपर्यंत पुरेल, म्हणजे पोरगी दहावीपर्यंत या घरात राहील, असा हिशोब मी स्वतःपाशीही कधी उच्चारला नव्हता. सुनेने तो सायकलीकडे बघून ओळखला. त्या दिवशी मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की तिला धरून ठेवण्यासाठी मी लेकराला पाडलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. सुनेला हे शब्द मी पहिल्यांदाच म्हणत होतो. तिने मान हलवली आणि आत गेली.

हनुवटीवर खपली धरल्यावर मी नातीला घेऊन पुन्हा हिंगोलीला गेलो. निळी फ्रेम अजून होती. भंगारवाल्याने मला ओळखलं.

"वापस आये ना, गुरुजी? पहले बच्ची को खडी करो. सायकल किसको चलानी है?"

नातीने चप्पल काढून फ्रेम पायांमध्ये घेतली. तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले. तिने चार बोटं आडवी धरून दांड्यावर ठेवली, मिस्त्रीचं ते माप मीच तिला वाटेत सांगितलं होतं. "बसली," ती म्हणाली. ती हसली, आणि हसताना हनुवटी दुखली म्हणून लगेच थांबली.

औंढ्याच्या दुकानात या वेळी आम्ही दोघं दिवसभर बसलो. चोवीसची जुनी चाकं मिस्त्रीकडे होती; सव्वीसच्या सायकलीचे ब्रेक, सीट, हँडल, पायडल निळ्या फ्रेमला लागणार होते. मिस्त्रीने मला पाना दिला. "गुर्जी, बसल्या बसल्या पायडल काढा. आज तुमी माझ्या वर्गात."

उजवं निघालं. डावं निघेना. मी जोर लावत होतो आणि ते अधिकच घट्ट होत होतं. मिस्त्री बघत होता, मुद्दाम बोलत नव्हता.

नात म्हणाली, "आबा, डाव्याचं उलटं असतंय. चालवताना ढिलं होऊ नये म्हनून."

"तुला कुणी सांगितलं?"

"पप्पांनी. मागं त्यांनी माझी छोटी सायकल खोलली होती, तवा."

मी पाना उलटा फिरवला. पायडल सैल झालं. मिस्त्रीने मान खाली घालून बेअरिंगचे छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकले आणि बराच वेळ ते ढवळत बसला. मला मुलाचं सगळं ठाऊक आहे असं मी समजत होतो. त्याचे परीक्षेचे गुण, त्याचं अक्षर, तो कशाला घाबरायचा ते. तो लेकीला जवळ बसवून आटे कुठल्या बाजूला फिरतात ते शिकवत असे, हे मला माहीत नव्हतं. मी बहुधा तेव्हा आत वाचत बसलेला असणार.

"आणखी काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

तिने आठवून आठवून सांगितलं. चेनला तेल आतल्या बाजूने सोडायचं. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हवा अंगठ्याने दाबून बघायची. ती सांगत होती आणि हाताने चेन पुसत होती. मिस्त्री मधूनच म्हणायचा, "बराबर," "हे बी बराबर." ऊन उतरेपर्यंत सायकल उभी राहिली. रंग जागोजागी उडालेला, सीट एका कंपनीची, हँडल दुसरीचं. पण ती बसल्यावर पाय टेकत होते.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता. पहिले दोन दिवस सून तिच्या मागोमाग कालव्यावरून चालत गेली, पदर खोचून, थेट कच्चा रस्ता संपतो त्या पुलापर्यंत. उताराला नात थांबायची, पाय टेकायची, पुन्हा निघायची. तिसऱ्या दिवशी सून गावाजवळच्या, कालव्याचं पाणी सोडायच्या दरवाजाशीच बसली आणि पोरगी एकटी औंढ्याला जाऊन आली. येताना दुकानातून मिस्त्रीने दिलेली जुनी घंटी घेऊन आली. घामेजली होती, पाठीवर धुळीचा पट्टा उठला होता. सुनेने फक्त मागचं टायर अंगठ्याने दाबून बघितलं.

त्याच संध्याकाळी तिने ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि औंढ्याच्या शाळेचा प्रवेश अर्ज समोर घेतला. तो मीच आणून ठेवला होता, पण त्याबद्दल मी तिला काही बोललो नव्हतो.

"दे, मी भरतो," मी म्हणालो. असे अर्ज मी किती भरले असतील त्याला मोजदाद नाही.

"मी भरते, मामा."

ती सावकाश, दाबून लिहीत होती. वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहिताना तिचा हात थांबला नाही. पालक या रकान्यापाशी मात्र ती थांबली. वडील नसलेल्या मुलांच्या अर्जात तिथे मी बहुतेक वेळा आजोबाचं किंवा चुलत्याचं नाव लिहीत आलो होतो. मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं, नातं या रकान्यात आई. मग पत्ता. तिथे तिने आमच्या गावाचं नाव लिहिलं, तालुका, जिल्हा, सगळं पूर्ण.

शाई वाळेपर्यंत तिने कागद हातात धरला आणि मग माझ्याकडे दिला.

"उद्या तुमी नेऊन द्या. आन् तिथल्या गुरुजींना सांगा, कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं तर त्या दिवशी पोरगी येणार न्हाई. तिला रागवायचं न्हाई."

मी कागद पुस्तकात घालून ठेवला, घडी पडू नये म्हणून, आणि सांगतो म्हणालो.