पोटमाळ्यावरची आग

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी शाळकरी वयात आई-वडिलांबरोबर साताऱ्याहून इंग्लंडला आलो आणि इथेच पोलिसात भरती झालो. त्या वेळी एका जुन्या बाजारगावात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. बाजारचौकाला लागून एक गेस्ट हाऊस होतं. ओकच्या काळ्या तुळया, तिरकी जमीन. पर्यटक फोटो काढून हरखून जात. थंडीत एक रात्र काढली की हौस फिटायची.

त्याच्या पोटमाळ्यावर एक तरुण मराठी डॉक्टर राहत होता. हॉस्पिटलात नुकताच रुजू झालेला, फ्लॅट मिळेपर्यंत मुक्काम तिथे. एका गुरुवारी दुपारी तो ड्युटीवर असताना खोलीला आग लागली. कोणी दगावलं नाही, पण छप्पर जळालं. अग्निशमन दलाला पहिल्या पाहणीत ठाम कारण सापडलं नाही.

टीप मालकानेच दिली. "हा रोज दिवा पेटवून पूजा करतो. त्या सकाळीही फळीवर पितळी दिवा जळताना मी डोळ्यांनी पाहिला." बस, एवढं पुरलं. माझ्या सहकाऱ्याने डॉक्टरला अटक केली आणि जामिनावर सोडताना पासपोर्ट जमा करून घेतला. हॉस्पिटलनेही त्याला कामावरून बाजूला केलं.

मी रजेवरून परतलो तेव्हा सहकारी म्हणाला, "सोपी केस आहे. त्याने कबूलच केलंय." मी जबाबाचं रेकॉर्डिंग लावलं.

"खोलीत दिवा लावता?"

"हो, रोज सकाळी. पण या आठवड्यात..."

"फक्त हो की नाही?"

"हो."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. माणूस बोलत असताना त्याचं तोंड बंद करायचं आणि उरलेल्याला कबुली म्हणायचं! माझ्या तोंडून शिवी गेली, मराठीतच.

डॉक्टरला सॉलिसिटरसह पुन्हा बोलावलं आणि विचारलं, "त्या 'पण'च्या पुढे काय सांगायचं होतं?"

तो खाली मान घालून बोलला. "सर, माझे काका गेले, नाशिकला. त्यांनीच मला शिकवलं. आई म्हणाली, सूतक आहे, दिवा लावू नकोस, पण देव पारोसे ठेवू नकोस. म्हणून मी देव, निरांजन, सगळं मिल्टन कीन्सला फ्रेंडच्या घरी ठेवून आलो. मला तेराव्याला जायचंय, सर. फ्लाइट बुक केलीय."

सॉलिसिटर गोंधळून माझ्याकडे पाहत होती. मला मात्र सगळं कळलं. सूतकात घरच्या देवांची पूजा बाहेरच्या माणसाने करायची असते. पण रीत म्हणजे पुरावा नव्हे. मी तडक मिल्टन कीन्स गाठलं. दार मित्राच्या बायकोने उघडलं.

"अहो, देव माझ्याकडेच आहेत ना! संडेला आणून दिले, तेव्हापासून मीच पूजा करतेय. त्यांच्या आईला रोज फोटो पाठवते. आम्हाला कुणी विचारलंच नाही!"

गुरुवार सकाळच्या फोटोत निरांजन तिच्या किचनमध्ये तेवत होतं.

मालकाला चौकीत बोलावून, बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल, अशी कायदेशीर ताकीद दिली.

"दिवा नक्की पाहिलात?"

"शपथेवर सांगतो."

मी मिल्टन कीन्सहून आणलेलं निरांजन आणि तो फोटो टेबलावर ठेवला. मग आम्ही गेस्ट हाऊसची झडती घेतली. मागच्या शेडमध्ये एक जुना हीटर निघाला, प्लग वितळलेला. तो समोर ठेवल्यावर मालकाने कबूल केलं: वरचं हीटिंग बंद पडलेलं, म्हणून डॉक्टर ड्युटीवर गेल्यावर त्यानेच तो खोलीत लावला होता. आग लागताच, बंब यायच्या आत, त्यानेच तो ओढून लपवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"दिव्याचंच नाव का घेतलंत?" मी विचारलं.

"लोकांना पटेल असं वाटलं."

आणि आम्हाला पटलंच होतं! याची चीड मला त्याच्या खोटेपणाहून जास्त आली. तो माणूस लबाड होता. आम्ही तर शपथ घेतलेले पोलीस होतो.

डॉक्टरवरचा संशय मिटला, नोकरीही परत मिळाली. पासपोर्ट मी स्वतः त्याच्या हातात दिला. सहकारी मागून म्हणाला, "चला, शेवट गोड झाला."

डॉक्टरने पासपोर्ट खिशात टाकला. "थँक यू, सर. तेरावा काल झाला."

माफी मी मागितली. सहकाऱ्याने मागितली नाही. पुढे नव्या पोरांना शिकवताना मी कायदा नंतर सांगायचो. आधी सांगायचो, समोरच्याचं वाक्य संपू द्या. डॉक्टरचं वाक्य संपायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढं त्याला मिळालं असतं, तर काकांच्या तेराव्याला तो नाशिकला असता.