कॉफी गाळायचा कागद

लग्न होऊन नागपूरहून उज्जैनला आले तेव्हा सासऱ्यांशी काय बोलायचं हे मला कळत नसे. ते रेल्वेतून नुकतेच रिटायर झाले होते. मुळात बोलणं कमी, त्यातही निम्मं हिंदीत. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पण तो विषय घरात कधी निघाला नव्हता.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, कॉफीचा शौक होता. नोकरीची काही वर्षं दक्षिणेत गेली, तिथे तो लागलेला. एक जुने सहकारी त्यांना अजून तिकडून पूड पाठवत. माझ्या धाकट्या दिरांना त्या वर्षी कंपनीने जर्मनीला पाठवलं. येताना त्यांनी बाबांसाठी चिनीमातीचं एक पांढरं नरसाळं आणि कागदांची डबी आणली. नरसाळं कपावर ठेवायचं, आत कागद, कागदात पूड, आणि वरून गरम पाणी हळूहळू ओतायचं. बाबांनी पहिला कप बिनदुधाचाच घेतला आणि म्हणाले, "ये हुई ना कॉफी."

दीड महिन्यात कागद संपले. दोन दिवस बाबा रिकामी डबी उघडून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, असा कागद इथे कुठे मिळेल?"

"बाबा, हा फिल्टर पेपर आहे. आमच्या लॅबमध्ये असायचा."

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "लॅबमध्ये कशाला?"

मी सांगू लागले. ते विचारत गेले. भाजी फोडणीला टाकायची राहून गेली.

लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळेल, हे माझं म्हणणं काही त्यांना पटलं नाही. संध्याकाळी ते एकटेच टावर चौकात गेले आणि मिळेल तो कागद घेऊन आले. पतंगाच्या कागदाने कॉफी हिरवी केली. एका नव्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणलेला नॅपकिन मधोमध फाटला आणि सगळा गाळ कपात आला. टिपकागद मात्र फाटला नाही. त्यातून एकेक थेंब पडत राहिला आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो.

"शिप्रा नदीसुद्धा मे महिन्यात याहून जास्त वाहते," सासूबाई म्हणाल्या. बाबा हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली. "चला. तुमची लॅबवाली दुकान दाखवा."

देवास गेटजवळ शाळा-कॉलेजांना प्रयोगाचं सामान पुरवणारं एक दुकान होतं. दुकानदाराने गोल फिल्टर पेपरचे तीन डबे काउंटरवर ठेवले आणि अदबीने विचारलं, "बाऊजी, टेस्ट किस चीज़ का करना है?"

"कॉफी का," बाबा म्हणाले.

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. मी तिन्ही कागद उजेडात धरून पाहिले. एक फार दाट होता, त्यातून कॉफी उतरेपर्यंत गार झाली असती. दुसरा मधला. तिसरा जाड पण मोकळ्या पोताचा, भराभर गाळणारा. मी तिसरा घेतला. शाई नको, सुगंध नको, कोराच हवा, हेही दुकानदाराला बजावून सांगितलं.

"बिटिया को तो सब मालूम है," तो म्हणाला.

"एम.एससी. है हमारी बहू," बाबा म्हणाले. हे त्यांच्या तोंडून ऐकून मी डब्यावरची अक्षरं उगाचच वाचत राहिले.

घरी आल्यावर लॅबमधल्यासारखी कागदाची चौपदरी घडी घातली, पण कागद नरसाळ्याला चिकटून बसला आणि पाणी तुंबलं. मग मी पंख्यासारख्या बारीक चुण्यांची घडी घातली. चुण्यांमुळे कागद भिंतीपासून सुटा राहतो आणि वाट मोकळी होते. आधी नुसतं गरम पाणी ओतून कागदाची चव घालवली, मग पूड टाकली. कॉफी एका धारेत उतरली, स्वच्छ, तांबूस.

"ती घडी मला शिकवा," बाबा म्हणाले. दुपारभर ते रद्दी कापून चुण्या घालत बसले. बोटं जाड, सुरुवातीला सगळं वाकडंतिकडं. पाचच्या सुमारास त्यांनी एक नेमका पंखा माझ्यापुढे धरला. "बघा बरं, जमलं?"

"जमलं, बाबा."

पुढच्या महिन्यात ते एकटेच नवा डबा आणायला गेले आणि आल्याबरोबर मला बाहेर बोलावलं. फ्रीगंजमध्ये मुलींची एक नवी शाळा निघाली होती, तिथे रसायनशास्त्राला शिक्षिका हवी होती. दुकानदाराने आपणहून सांगितलं होतं. बाबांनी शाळेचा पत्ता लिहून आणला होता.

"मी जाऊ?" मी विचारलं.

"म्हणजे काय? अर्ज आजच लिहा. मी पोचवून येतो."

मुलाखतीला तेच मला घेऊन गेले आणि फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिले. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि किक मारली. वाटेत मिठाईच्या दुकानाशी थांबून सासूबाईंसाठी मावाबाटी घेतली.

जुलैपासून मी शाळेत जाऊ लागले. सकाळी साडेसहाला माझी वेणी होईपर्यंत बाबा स्वयंपाकघरात कॉफी गाळून ठेवत. आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानेच ती पीत असू, आणि आज मुलींना कोणता प्रयोग दाखवणार हे मी त्यांना सांगत असे.