पावणेतीन फुटांचं वळण

आमच्या नव्या घराच्या नकाशात माझी खोली वरच्या मजल्यावर होती, आणि नकाशा काढणारा माणूस मला तिथून बाहेर काढून दाखवत होता. पुठ्ठ्याचा अर्ध्या करंगळीएवढा एक तुकडा त्याने माझ्या कागदावरच्या पलंगावर ठेवला आणि बोटाने ढकलत दारातून, बोळातून जिन्यापर्यंत आणला. वळणावर तुकडा अडला. त्याने तो आडवा केला, तिरका केला. अडला तो अडलाच.

"हे काय आहे?" सुनेने विचारलं.

"स्ट्रेचर," तो म्हणाला. "साडेसहा फूट बाय दोन. नकाशाच्या मापात कापलाय."

सुनेचा चेहरा पडला. "अहो काका, आम्ही राहायला घर बांधतोय! काहीतरी अभद्र काय बोलता?"

"अभद्र कसलं?" मी म्हटलं. "चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी. वेळ आली तर गॅलरीतून उडी मारून जाणार आहे का?"

लेक हसला, सून हसली नाही, आणि नकाशेवाला तर अजिबात नाही. तो म्हणाला, "जिन्याचं वळण एक फुटाने वाढवायला हवं. शेजारची कोठी तेवढी लहान होईल."

कोठी म्हणजे सुनेचा जीव की प्राण. सहा महिने ती डबे कुठे आणि पिंप कुठे हे ठरवत होती. ती ताडकन उठून आत गेली. आतून भांड्यांचे आवाज आले, ते आमच्यासाठीच होते.

गावात या माणसाला सगळे खोडरबर म्हणतात. वय अठ्ठावन्न, अंगाने काडी, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली आहे. उतरतं टेबल, काडेपेटीत जपून ठेवलेले ब्लेडचे तुकडे, आणि रबराचा भुगा झाडायला दाढीचा जुना ब्रश. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. तोही करतो, पण शेवटची प्रत हाताने काढल्याशिवाय देत नाही. आणि दिली तरी सोडत नाही. दुसऱ्या दिवशी येतो, "जरा बघू," म्हणून मागून घेतो आणि पुन्हा खोडतो. लोक वैतागतात, आणि वैतागूनही त्याच्याकडेच जातात. त्याच्या घरांची दारं एकमेकांवर आपटत नाहीत, आणि न्हाणीघरातलं पाणी बाहेर येत नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे नीट मोजणारा माणूस दिसला की मला बरं वाटतं. पण याच्या मोजण्यात काहीतरी बिघडलेलं होतं. असं मोजणं हौसेचं नसतं, पाचावर धारण बसलेल्या माणसाचं असतं.

ते मला त्याच दिवशी कळलं. लेक सुनेची समजूत घालायला आत गेला होता. टेबलाशी आम्ही दोघंच. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सचा भोंगा आला. खोडरबर उठला, खिडकीशी गेला, गज धरून उभा राहिला. भोंगा चौकात पोचेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत होते, शर्ट हलत नव्हता. मग म्हणाला, "डावीकडे गेली," आणि परत येऊन बसला. आणि मघाशीच खोडलेली रेघ पुन्हा खोडायला लागला.

"उजवीकडे कोण राहतं?" मी विचारलं.

"कुणी नाही, बाई."

"उजवीकडे अख्खी आळी राहते. तुमचं कोण राहतं?"

मला गोल गोल बोलणारी माणसं सोसत नाहीत. मी नकाशाची गुंडाळी केली, मांडीवर घेतली आणि सांगितलं की उत्तराशिवाय मिळणार नाही. मग त्याने सांगितलं.

उजवीकडे दंतवैद्याचं घर आहे. गावात एकच जुना दंतवैद्य. माझ्या चार दाढा त्यानेच काढल्या, दर खेपेला विनोद सांगून. माणूस अवाढव्य. खाली दवाखाना, वर राहायचं. ते घर सत्तावीस वर्षांपूर्वी खोडरबरने काढलं, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. नकाशा पुरा झाला आणि दंतवैद्याची बायको म्हणाली, चादरी-पांघरुणांना एक कपाट हवं होतं हो, राहूनच गेलं. याने तिच्यासमोर ब्लेड काढलं, ट्रेसिंग पेपरवरची जिन्याच्या वळणाची रेघ खरवडली आणि सव्वा फूट आत सरकवली. चार फुटांचं वळण पावणेतीन फुटांचं झालं, आणि तिथे कपाट बसलं. जिन्याच्या दोन टप्प्यांच्या मधे नुसता कठडा असता तर वरून उचलून फिरवता आलं असतं. तिथे भरीव भिंत आहे.

"दोन मिनिटांचं काम होतं, बाई. त्या खूश झाल्या. मलाही बरं वाटलं."

पुढे सोळा वर्षं त्याला त्याची आठवणही नव्हती. मग त्याचे वडील आजारी पडले. हे लोक तेव्हा भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. जिना अरुंद. स्ट्रेचर वर आलंच नाही. वडिलांना खुर्चीत बसवून चादरीने बांधलं आणि एकेक पायरी उतरवलं. मान एकदा या बाजूला पडत होती, एकदा त्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. वडिलांचं सगळं उरकून घरी आल्यावर याने जुन्या नकाशांची पेटी उघडली, दंतवैद्याचा कागद काढला, पुठ्ठ्याचा तुकडा कापला आणि फिरवून पाहिला.

"तेव्हापासून अकरा वर्षं झाली. रोज संध्याकाळी त्या घरावरून जातो. वरच्या खोलीत दिवा दिसला की घरी जातो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"आधी वाटलं, सांगू. मग वर्ष गेलं. मग वाटलं, आतापर्यंत का नाही सांगितलं म्हणतील. आणि बाई..." तो थांबला. "सांगितलं की ते खरं होईल असं वाटतं."

"ते खरंच आहे. तुमच्या सांगण्याची वाट बघत बसलेलं नाही."

त्यावर त्याने शेवटची गोष्ट सांगितली. मागच्या आठवड्यात दवाखाना दोन दिवस बंद होता. पाटी होती, 'प्रकृती अस्वास्थ्य'. याने औषधाच्या दुकानात चौकशी केली, तर छातीत जळजळ.

तेव्हा मलाही ते हसण्यावारी नेता येईना. खोटं कशाला सांगू? त्या माणसाला मी जिना चढताना पाहिलंय. दर चौथ्या पायरीला थांबतो.

मी चप्पल घातली आणि लेकाला हाक मारली. खोडरबर म्हणाला, "आज नको, उद्या जाऊ."

"अकरा वर्षं उद्याच चालू आहे तुमचं. उठा."

दंतवैद्य रिकामाच बसला होता. "या बाई! उरलेल्यांपैकी कुठला?"

"दात नाही. जिना."

खोडरबरला बसायला दाताची खुर्ची सोडून दुसरी जागा नव्हती. तिच्यात तो टेकला, खुर्ची सवयीने मागे कलली, आणि दंतवैद्याने सवयीने दिवा पेटवला. त्या उजेडात, छताकडे बघत, खोडरबरने सगळं सांगितलं. बोबडी वळत होती. सव्वा फूट हा शब्द त्याने तीनदा उच्चारला. वडिलांचं मात्र सांगितलं नाही.

दंतवैद्य पोट हलवत हसला. "अहो, सत्तावीस वर्षं राहतोय. पलंग वर गेलाय, कपाटं गेलीत, मी स्वतः रोज जातो. माझ्यापेक्षा मोठं काय जायचंय तिथून?"

"पलंग सुताराने वर जोडला," खोडरबर म्हणाला. "सुटे भाग नेले होते. मी उभा होतो. आणि तुम्ही उभे जाता."

दंतवैद्याचं हसू जरा उशिराने थांबलं.

त्याची बायको दारात येऊन उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. "करून बघू," ती म्हणाली. "फोल्डिंगची खाट आहे, साधारण तेवढीच आहे."

"अगं, दवाखान्याची वेळ आहे."

"कुणी आलेलं नाही."

खाट वर नेतानाच समजायला हवं होतं. ती मिटून न्यावी लागली. वर उलगडली, तर त्यावर कोण झोपणार हा प्रश्न. मी तयार होते, पण लेकाने डोळे वटारले. "मी," असं म्हणत खोडरबर आडवा झाला. पायांकडे माझा लेक, डोक्याकडे दवाखान्यातला मदतनीस. मी खालच्या पायऱ्यांवर. दंतवैद्य आणि त्याची बायको वर.

पहिल्या सात पायऱ्या ठीक. मग वळण आलं. लेक कपाटाला पाठ लावून आत गेला, खाट त्याच्या पोटावर आली, मदतनीस अजून वरच्या पायरीवर. "वळव," लेक म्हणाला. "कुठे वळवू?" मदतनीस म्हणाला. त्यांनी एक बाजू उचलली. खोडरबर कपाटाकडे घरंगळला आणि त्याने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. पुढे जाईना. मागे घ्यावं तर मदतनिसाला उलटं वर चढता येईना. कपाटाची मूठ खोडरबरच्या बरगडीत रुतली होती. त्याने तोंडातून आवाज काढला नाही. डोळे उघडे, छताला लागलेले. काडीएवढा माणूस तो, आणि दोन धडधाकट पुरुषांचे हात थरथरायला लागले.

"दादा, सुटतंय माझ्या हातून," मदतनीस म्हणाला.

"थांबा, मी धरतो," असं म्हणत दंतवैद्य चार पायऱ्या उतरला आणि मदतनिसाच्या मागे अडकून पडला. हात पुढे पोचेना, आणि बाजूने जायला जागा नाही. त्याने भिंतीवर तळवा टेकला. खालून मला त्याचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं मी तो चेहरा माझ्या तोंडावर वाकलेला पाहिलाय, खिदळणारा. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खाटेवर दुसरा माणूस होता, पण तो बघत होता स्वतःला.

शेवटी लेक खाली बसला, खाट त्याच्या डोक्यावरून तिरकी झाली आणि खोडरबर घसरून पायऱ्यांवर आला. कुणाला लागलं नाही.

मग वरून दंतवैद्याची बायको उतरली. कपाट उघडलं आणि आतल्या चादरी, अभ्रे, रजया एकेक करून जिन्यावरून खाली फेकायला लागली. एक माझ्या डोक्यावर पडली.

"अगं, अगं!" दंतवैद्य म्हणाला.

"मीच मागितलं होतं हे," ती म्हणाली. "याने मला विचारलं असतं, की कपाट हवं की नवरा, तर काय सांगितलं असतं मी? पण विचारलं नाही याने. विचारायचं होतं ना रे!"

खोडरबर पायरीवर बसून होता. त्याने मान हलवली. त्याला पहिल्यांदाच कुणी ओरडलं होतं, आणि खरं सांगते, तो जरा सरळ बसला.

दंतवैद्याला त्याच दिवशी खाली दवाखान्यात खाट टाकून झोपायला लावलं. त्याने कुरकुर केली, पण जिन्याकडे न बघता. गवंडी तिसऱ्या दिवशी आला. कपाट फोडून काढलं आणि वळण मूळच्या रेघेप्रमाणे चार फुटांचं केलं. खोडरबर आठ दिवस तिथे मोजपट्टी घेऊन उभा. काम झाल्यावर पुन्हा तीच खाट, तोच मदतनीस. या वेळी दंतवैद्य म्हणाला, मी झोपतो. चौघांनी उचलला. घासत, कण्हत, शिव्या देत, पण निघाला. खाली आल्यावर त्याने विनोद सांगितला नाही. उठून थेट गेला आणि छाती तपासायची वेळ घेतली.

मला वाटलं, चला, एकाचं भूत उतरलं.

आमच्या नकाशाची शेवटची प्रत घेऊन तो आला, तेव्हा सुनेने स्वतःच कोठी एक फुटाने कमी करायला सांगितली होती. ऐकलं होतं तिने सगळं. तिने पुठ्ठ्याचा तुकडा उचलला, माझ्या पलंगावर ठेवला आणि ढकलत निघाली. दार, बोळ, जिना. मग वळण. तुकडा वळला, उतरला, मोठ्या दारातून बाहेर पडला. "आई, झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून करून पाहिलं.

तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. खोडरबर उठला आणि खिडकीशी जाऊन गज धरले.

"आता काय?" मी विचारलं. "दंतवैद्याचं झालं ना?"

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. एकाखाली एक घरं लिहिलेली, बारीक, नीटस अक्षरात. डॉक्टरांच्या मागचं पिवळं. शाळेसमोरचं. दोघी बहिणींचं. "तुकडा मी अकरा वर्षं फिरवतोय, बाई. त्याच्या आधी पंधरा-सोळा वर्षं तुकड्याशिवायच नकाशे काढत होतो. एकेचाळीस घरं आहेत दोन मजल्यांची. कुठे कपाट, कुठे देव्हारा, कुठे कुणाला न्हाणीघर मोठं हवं होतं. सगळ्यांनी मागितलं, मी खरवडत गेलो."

"सगळी अडतात?"

"माहीत नाही. पेटीतले निम्मे कागद वाळवीने खाल्लेत. आत जाऊन मोजावं लागेल."

मी यादी वाचली. त्यातल्या सात घरांत माझ्या वयाची माणसं वर झोपतात. त्यांना मी ओळखते.

रविवारी आम्ही दोघी बहिणींच्या घरी गेलो. दोघी ऐंशीच्या पुढच्या, धाकटी मोठीला सांभाळते. खोडरबरने दारात उभं राहून शर्ट नीट केला, मोजपट्टी पाठीमागे लपवली, मग पुन्हा पुढे घेतली. हात बेलपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मी बेल दाबली.

आतून वरच्या मजल्यावर हालचाल झाली, आणि कुणीतरी जिना उतरायला लागलं. सावकाश, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकत. खोडरबर ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत होता. पाच. सहा. सात. वळणापाशी पावलं थांबली. आत कुणीतरी भिंतीला अंग घासून वळत होतं, ते बाहेर ऐकू येत होतं.