ओळखा, खरी कोण!

ओपल हस्किन्सला जन्मापासून हात नव्हते. ती सहा वर्षांची झाली तेव्हा बापानं तिला डेलमर प्रुइटच्या, अजब माणसं दाखवायच्या फिरत्या खेळात आणून सोडलं आणि "देवाची मर्जी" म्हणत परतीची बस पकडली. मी त्याच खेळात दारावर असायचो. हिवाळाभर आम्ही फ्लोरिडात तंबू शिवायचो, उन्हाळ्यात जत्रा करत फिरायचो. ओपल पायानं सुई ओवायची. पुढच्या रांगेतलं कुणी "बिच्चारी!" म्हणालं, की पायानंच सिगारेट पेटवून त्याच्या तोंडावर धूर सोडायची.

चाळिशीला आली तेव्हा ओहायोत चर्चच्या बायकांना तिचा कळवळा आला. "ही तुमची विटंबना आहे हो!" म्हणत, रुमाल भिजवत त्यांनी तिला आपल्या आश्रमात नेलं. तिथं दर रविवारी देणगीदार यायचे. बायका ओपलला पांढरा झगा घालून खुर्चीत बसवायच्या आणि मंडळी केक खात तिला न्याहाळायची. सुईला बंदी, सिगारेटचं तर नावच नको. दोन वर्षांनी ती पळून आली.

"डेलमर, मला परत घे. तिथं मेले फुकट बघतात!"

डेलमर चुळबुळला. तिच्या जागी त्यानं लोरेन नावाची पोरगी उभी केली होती. हात धडधाकट, झग्याआड पाठीशी बांधलेले. सुई तिला हातानंही ओवता येत नसे, पण रडायची झकास.

"लोकांना आता रडणारी लागते गं, ओपल."

"मग दोघींना उभं कर. बघू दे की लोकांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मंचावर आल्या. लोरेन रडली. ओपलनं पायानं सुई ओवून एका शेतकऱ्याच्या कोटाचं बटण शिवून दिलं. तोच शेतकरी ओपलकडे बोट करून ओरडला, "ही लबाड आहे! हिचे हात आत बांधलेत. खऱ्या थोटीला इतकी सफाई कुठून येणार?"

तंबू टाळ्यांनी दणाणला. डेलमरचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लागली: 'ओळखा, खरी कोण!' पुढचे सहा उन्हाळे, दिवसातून आठ वेळा, लोकांनी हात वर करून लोरेनला कौल दिला.

खेळ संपला की ओपल पायाच्या बोटांनी लोरेनच्या गाठी सोडायची. "आखडले का गं हात? जरा चोळ."

सातव्या उन्हाळ्यात ओपल न्यूमोनियानं गेली. त्या दुपारीही खेळ झाला. लोरेन इतकी रडली, की डेलमरला तिला धरून आत न्यावं लागलं. लोक म्हणाले, पैसे वसूल.