आकारामची झाकलेली किटली

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आकारामची म्हैस उभी राहिली की गिऱ्हाईक आधी आकारामचं ऐकतं, मग दूध पितं. पावणं, डोळ्यांनी बघा, मग प्या, हे त्याचं पहिलं वाक्य. ग्लास तुमच्या हातात, धार तुमच्यासमोर, पाण्याचा थेंब शिरायला जागाच नाही. तीस वर्षं हा माणूस असा उघड्यावर विकतोय. त्यामुळं झाकलेल्या कशावरच त्याचा विश्वास नाही. पिशवीतलं दूध, बंद दाराआडची बैठक, कुजबुजणारा माणूस, सगळे त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी.

अशा बापाच्या पोटी राजनंदिनी आली, आणि पोरीनं काम कसलं धरावं, तर झाकाझाकीचं! घरबसल्या ती क्रिप्टोच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाच्या, एका वॉलेटवर काम करायची. फोनातलं हलकं वॉलेट ते. जगभरचे व्यवहार लिहिलेली अवाढव्य वही त्यात मावत नाही. म्हणून दर वेळी ते लांबच्या सर्व्हरला विचारतं, बाबा रे, माझ्या पत्त्यावर काय आलं, काय गेलं? ही विचारपूस वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून तिला कुलूप घालायचं, एवढंच पोरीचं काम.

कंपनीनं तिला कायम करायचं ठरवलं आणि शुक्रवारपर्यंत सही मागितली. आकाराम भडकला. लपवायचं ते खोटंच असणार, असं त्यानं जेवता जेवता जाहीर केलं. राजनंदिनीही त्याचीच लेक. तुमच्या तोंडून हो आल्याशिवाय सही करणार नाही, म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. पोरीनं रात्रंदिवस राबून मिळवलेलं काम हातचं जाणार, हे त्याला कळत होतं, जिवाला लागतही होतं. पण बोललेला शब्द मागं घेईल तो आकाराम कसला.

गुरुवारी तडजोड झाली. तो स्वतः वापरून बघणार. तिनं चाचणीचं वॉलेट किरकोळ रक्कम टाकून त्याच्या फोनात घातलं. गडी कट्ट्यावर आला, शेजारच्या चहावाल्या अमरसिंहाच्या वायफायला फोन जोडला आणि पहिलं काम काय केलं, तर कुलपाचं बटण बंद करून टाकलं. आपलं सगळं उघडं.

अमरसिंहानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, आणि आपल्या वायफायवरून काय जातंय ते वाचायची त्याला भारी खोड. अर्ध्या तासात त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवलं, आकाराममामांच्या वॉलेटात सकाळी काय आलं, किती राहिलं, मामांनी किती वेळा उघडून बघितलं. लोक हसले. आकारामही हसला. बघ की, म्हणाला, आपल्याकडं लपवायला हाय काय?

तेवढ्यानं अमरसिंहाला चेव आला.

"मग मामा, ती फडक्यात झाकलेली किटली रोज सकाळी कुणाकडं जाती, ते पण सांगा की."

आकारामचं हसू जागच्या जागी आटलं. ती किटली गुंडू पैलवानाच्या घरी जायची. एके काळी त्याची कुस्ती म्हटलं की मैदानात पाय ठेवायला जागा नसायची. आता तो अंथरुणाला खिळलेला. त्याची बायको धोंडुबाई फुकटचं दूध घ्यायची ते एकाच बोलीवर. गल्लीत कळलं, तर किटली दारातूनच परत जाईल.

"दुधात पाणी असलं तर इचार," आकाराम म्हणाला. "कुणाच्या पोटात जातंय, ते तुला कशाला पायजे?"

बोलून गेला, आणि मग आपलेच शब्द त्याच्या कानात वाजत राहिले. संध्याकाळी म्हैस गोठ्यात बांधून तो सरळ लेकीकडं गेला आणि फोन तिच्यापुढं ठेवला. कुलूप लाव म्हणाला, आणि सहीही करून टाक. का, कशामुळं, काही सांगेना. किटलीचा विषय तर मरेपर्यंत त्याच्या तोंडून निघाला नसता.

राजनंदिनीनं कुलूप लावलं. मग कपाटातून जाड, घडी घातलेलं एक फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

"गुंडूनानांच्या किटलीला हे बांधा, आबा. जुनं विरलंय, आतली किटली दिसाय लागलीया."

आकारामनं फडक्याची घडी उलगडली. "तुला कवापासनं ठाऊक?"

"दहावीपासनं," ती म्हणाली, आणि सही करायला लॅपटॉप उघडला.