खंडेनवमीला मांडलेली हत्यारं

आजारपणानंतर माझ्या थोरल्या भावाकडं एकच शब्द उरला होता, ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी उद्या, आणि माझ्यावर चिडला तरी उद्याच, फक्त जरा मोठ्यानं. निपाणीत हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज होतं आणि हा शब्द त्यानं तिथं जन्मभर गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकला होता. तंबाखूची पोती वाहणारे टेम्पोवाले, शेतातनं ट्रॅक्टर ओढत आणणारे, लग्नाला निघालेले जीपवाले, सगळ्यांना उद्या. मी त्याला म्हणायची, "अण्णा, तुला दुसरा शब्दच येत न्हाय बघ." देवानं माझं नको तेवढं ऐकलं.

आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. अण्णा त्या दिवशी गॅरेज धुवून काढायचा, शटरला केळीचे खुंट बांधायचा आणि बाकावर तांबडं कापड पसरून त्यावर पाने, पकडी, हातोडे ओळीनं मांडायचा. हळद-कुंकू लावून झालं की त्यांना कुणी हात लावायचा नाही, दारात कुणाची गाडी बंद पडलेली असली तरी नाही. दसऱ्याला सकाळी अंघोळ करून यायचं. ज्यानं मांडली त्यानंच एक पाना उचलायचा, कपाळाला लावायचा, समोरच्या गाडीचा एखादा नट नावापुरता आवळायचा आणि पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. याला हत्यारं उचलणं म्हणतात. तोवर शटर वर असलं तरी दुकान बंदच.

त्या वर्षी अण्णानं हत्यारं मांडली, पण उचलली नाहीत. दसऱ्याच्या सकाळी घरी अंघोळीला गेला आणि न्हाणीतच पडला. बेळगावच्या दवाखान्यात नेला तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणं त्या एका शब्दावर आलं होतं. मी त्याच्या उशाशी होते. त्याच सुमारास इकडं निपाणीत रस्ता रुंद करायचं काम गॅरेजच्या रांगेपर्यंत येऊन पोचलं. जागा जाणार हे सगळ्यांना केव्हाचं ठाऊक होतं, सामान हलवा म्हणून सांगूनही झालं होतं. अण्णानं त्यांनाही उद्या म्हणूनच सांगितलं असणार. वैनीनं आणि तिच्या भावानं निघेल तेवढं सामान बाहेर काढलं, बाकीचं पत्र्यांसकट गेलं. मी दवाखान्यातनं परत आले तेव्हा तिथं नुसता मुरूम पसरलेला होता आणि गॅरेज नेमकं कुठून कुठवर होतं हेही मला सांगता येईना.

वैनीनं त्याला खरं ते सांगून टाकलं. लपवणं तिच्या स्वभावात नाही. त्यानं ऐकलं, भिंतीकडं तोंड केलं आणि ते परत वळवलं नाही. हाताला व्यायाम द्यायला माणूस यायचा, त्याच्या हातातनं हा डावा हातसुद्धा ओढून घ्यायचा. वैनी दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन बसायची आणि हा दात घट्ट मिटून पडायचा. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम आम्ही केलं, आता ह्यांना काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे. मला इतका राग आला होता, डॉक्टरवर, रस्त्यावर आणि सगळ्यांत जास्त त्या भिंतीवर. माझा भाऊ आमच्या डोळ्यांदेखत निघून चालला होता. मला दुसरं काही नको होतं, त्यानं त्या भिंतीकडचं तोंड फिरवायला हवं होतं.

मी बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. थर्माकोलची हृदयं आणि ज्वालामुखी करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. अण्णा मला थर्माकोल मास्तरीण म्हणायचा. "तुझ्या त्या हृदयाला एकदा ऑइल घालून देतो, कुरकुरतंय," असं भर वर्गाच्या प्रदर्शनात येऊन म्हणाला होता. मग एक दिवस शाळेतनं पिरनवाडीला घरी आले, कपाटावरचं प्लायवुड खाली काढलं आणि ठरवलं की ह्याचं गॅरेज ह्याच्या पुढ्यात आणून ठेवायचं. लहान तर लहान.

जुने फोटो होते, पण फोटोत माणसं पुढं आणि गॅरेज मागं. शेवटी डोळे मिटून एकेक कोपरा आठवायला लागले. लहानपणी शाळा सुटली की मी तिथं टेम्पोच्या काढलेल्या सीटवर बसून गृहपाठ करायची, ती सीट रेग्झिनच्या फाटक्या पर्सची केली. पत्र्याचं छप्पर तेलाच्या डब्यातनं कापलं. शटरसाठी ताटाखाली घालायची काड्यांची चटई रंगवली, ती खरोखर वर-खाली व्हायची, फक्त मध्ये अडकायची. खाली शिरून काम करायचा खड्डा केला. भिंतीवर जोतिबाचा नखाएवढा फोटो लावला, त्याच्या बाजूला मराठीत आणि कन्नडमध्ये ‘आज रोख’ लिहिलं. बाजारातनं खेळण्यातली जीप आणली आणि तिचं बॉनेट उघडून ठेवलं. छत्रीच्या काड्या आणि केसांच्या पिना कानशीनं घासून पाने केले, पकडी केल्या, डिस्मिस केले आणि सगळे भिंतीवर बारक्या खिळ्यांना अडकवले. डिस्मिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. मी बेळगावच्या दुकानात स्क्रू ड्रायव्हर म्हणून मागते, याचं अण्णाला कायम हसू यायचं. बोटांना चिरा पडल्या. फळ्यावर लिहिताना खडू रक्तानं माखायचा आणि मुलं एकमेकांकडं बघायची.

सगळं झालं तरी गॅरेज कोरं दिसत होतं. मग ओळखीच्या एकाकडनं बाटलीत जळकं ऑइल आणलं आणि काडीनं फरशीवर थेंब थेंब सोडलं. वास आला आणि मी तिथंच बसून पोटभर रडले. माझ्या भावाच्या अंगाचा वास होता तो.

मधल्या शनिवारी निपाणीला जायची तेव्हा वैनीला तुकडे दाखवायची. ती हसायची. "वन्सं, या वयात भातुकली मांडलीसा व्हय?" म्हणायची आणि मग स्वतःच विचारायची, "च्याचं ग्लास ठेवलासा का बाकड्यावर? त्येच्याबिगर ह्यांचं गॅरेज कसलं?" मी चहाचे ग्लासही केले.

एका रविवारी सकाळी भाड्याची गाडी करून, मांडीवर धरून ते निपाणीला नेलं. अण्णाला उशा लावून बसवलं, खाटेसमोर टेबल ओढलं आणि वरचं कापड काढलं. आत घड्याळाच्या सेलवर चालणारा बारका दिवा लावला होता, तो पेटवला.

त्यानं तोंड फिरवलं. इतके महिने भिंतीकडं असलेलं तोंड फिरवलं आणि बघत राहिला. डाव्या हाताचं बोट ऑइलच्या डागावर घासलं, नाकाशी नेलं. माझा जीव सुपाएवढा झाला. मी वैनीचा हात दाबला. आणि पुढच्या क्षणी त्यानं तोच हात गॅरेजच्या भिंतीवरच्या पान्यांवर झाडला. निम्मे पाने, पकडी खिळ्यांवरनं निघून पडले. राहिलेले त्यानं ओरबाडून काढले. "उद्या!" म्हणून ओरडला, "उद्या! उद्या!" आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

आणि खरं सांगते, मी चिडले. एवढं मरमरून केलं आणि ह्यानं हात मारून पाडलं. "नको तर नको म्हण की, मोडतोस कशाला?" मी आजारी माणसावर ओरडले आणि ते उचलायला लागले.

वैनीनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या वन्सं. ती भिंतीवर कशी असतील? अजून उचललीच न्हाईत की ह्यांनी."

ती खाली वाकली, खाटेखालची ट्रंक ओढली आणि तिच्यातनं तांबड्या कापडाचं गाठोडं काढलं. ते मला ठाऊकच नव्हतं. रस्त्याच्या गडबडीत सगळं फेकाफेक करून काढलं, तरी पूजेतली हत्यारं तिनं कापडाची चार टोकं उचलून जशीच्या तशी घरी आणली होती. "म्हटलं, बरं झालं की उचलतील आपल्या हातानं," ती म्हणाली. थोडा वेळ गाठीवर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "आता कवा उचलणार?" आणि तिनं गाठ सोडली. ती गाठ सोडताना तिनं काय सोडलं ते मला तेव्हा कळलं नाही.

कुंकू वाळून काळं पडलं होतं. अण्णानं मोठा रिंग पाना डाव्या हातात धरला. तो कापडावरनं जरासा उचलला गेला आणि खाटेच्या लोखंडावर पडला. परत धरला, परत पडला. इंजिन साखळीनं टांगून एकट्यानं फिरवणारा माणूस होता हा. वैनीनं पदरात तोंड घातलं. मी हळूच विचारलं, "अण्णा, मी उचलू?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि खडसावलं, "उद्या!" ज्यानं मांडली त्यानंच उचलायची, हे मला लहानपणापासनं माहीत होतं.

मग त्यानं चादरीवर सांडलेला माझा एक पाना चिमटीत धरला, छत्रीच्या काडीचा, आणि तो तांबड्या कापडावर मोठ्या पान्याच्या शेजारी ओळीत ठेवला. वैनीकडं बघितलं. ती उठली, कुंकवाचा करंडा आणला आणि काडेपेटीतल्या काडीनं त्याला एवढासा ठिपका लावला. अण्णानं डोळे मिटले. तो पाना उचलला आणि कपाळाला लावला. घामानं तो क्षणभर तिथंच चिकटून राहिला. मग त्यानं तो जीपच्या चाकाला टेकवून जरासा फिरवला आणि भिंतीवर अडकवला. मी अडकवला होता त्या खिळ्याला नाही, जोतिबाच्या फोटोखालच्या खिळ्याला. तिथंच असायचा तो.

मग त्यानं शटरला हात घातला. ते मध्ये अडकलं. खऱ्या शटरला द्यायचा तसा त्यानं त्याला हिसका दिला आणि ते खाली आलं. "उद्या," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात.

त्या दिवशी तो अर्धी भाकरी जेवला. मी हरखले. स्वयंपाकघरात जाऊन वैनीला म्हणाले, "बघितलासा? उद्या उघडतो म्हणतोय." ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, ह्यांनी दुकान बंद केलं." मला तिचा असा राग आला की मी तिच्याशी न बोलता बेळगावची गाडी धरली.

पुढच्या शनिवारी गेले तर शटर खालीच होतं. मी ते वर केलं. अण्णानं हात लांब करून परत खाली ओढलं, काही न बोलता, न रागावता. त्यानंतर मी शटरला हात लावला नाही. तो जेवत होता. हाताला व्यायाम देऊ देत होता. आमच्याकडं तोंड करून झोपत होता. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं, आणि भाऊ मात्र मिळाला नाही. त्याचं राहिलेलं एक काम होतं, ते माझ्या काडीच्या पान्यानं त्यानं पुरं केलं, एवढंच. खंडेनवमी परत यायच्या आतच तो गेला.

गॅरेज अजून वैनीच्या खोलीत त्याच टेबलावर आहे. या खंडेनवमीला तिनं त्याला बाहेरनंच, शटरला हळद-कुंकू लावलं. आतली हत्यारं मांडूया का, असं मी विचारलं. "ह्यांनी उचलून ठेवल्यात," म्हणाली, "आता मांडायची न्हाईत." मोठी हत्यारं तिनं धुवून, पुसून ट्रंकेत ठेवली आहेत.

मला मात्र एकदा आत बघायचं असतं. त्या पान्यावर कुंकवाचा ठिपका आहे का, त्याच्या बोटांचा डाग आहे का, बघायचं असतं. वैनी ते ओळखते. परवा मी टेबलासमोर उभी होते तेव्हा ती मागनं म्हणाली, "उघडा की वन्सं. तुमीच बांधलंयसा."

मी शटरपर्यंत हात नेला.

"उद्या," मी म्हणाले.